बिब्ब्याच्या नऊ फुल्या

दादाला दवाखान्यातून घरी आणलं त्याच दुपारी मी त्याची पट्टी चोरून उचलली. ऑपरेशनला तीन दिवस झाले होते. वहिनी खाली नळावर गेली होती, दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. चिकटपट्टीची एक कड मी नखाने सोडवली, कापूस जरा वर केला आणि आत पाहिलं. टाक्यांच्या दोन्ही बाजूंची कातडी लाल झाली होती, ताणून चकाकत होती. हात न लावता नुसता वर धरला तरी ऊब जाणवत होती.

"काय देखी ऱ्हायना?" दादा तोंड न वळवता म्हणाला.

"काही नाही."

"सुज शे का?"

"आहे थोडी."

थोडी नव्हती. मी पट्टी पुन्हा चिकटवली आणि वहिनी जिना चढून यायच्या आत दारात जाऊन उभा राहिलो. मनात एकच होतं, डॉक्टरने काहीतरी बिघडवलंय.

घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. वाचणाऱ्याला अडू नये म्हणून पुढचं बरंचसं बोलणं मराठीतच लिहितो.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. खानदेशातून सुरतेला आधी तो आला, मग त्याने मला आणलं. पहिली दोन वर्षं मी पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये कापड धुण्याच्या हौदांवर होतो. दिवसभर रंगाच्या पाण्यात उभं राहून पाय फुटायचे. त्यानंतर दादाने मला आपल्या खात्यात नेलं. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. त्याने मला आपल्या शेजारी उभं करून तुटलेला धागा आवाजावरून कसा ओळखायचा ते शिकवलं. तो आठ लूम चालवायचा. मी, तो आणि वहिनी लिंबायतला एका खोलीत राहायचो. माझं लग्न झालं नव्हतं, मी पोटमाळ्यावर झोपायचो.

सुताचा भरलेला बीम दोघांनी उचलून लूमवर चढवावा लागतो. एकदा जोडीदाराचा पाय घसरला आणि सगळा भार दादावर आला. त्यानंतर त्याच्या जांघेत गाठ दिसू लागली. उभं राहिलं की बाहेर यायची, आडवं झालं की आत जायची. वर्षभर तो फडकं घट्ट बांधून कामाला गेला. शेवटी ती आत जाईना तेव्हा हर्नियाचं ऑपरेशन करायचं ठरलं.

शेठ म्हणाला, "पंदर दिवसमां आवी जजे." पंधरा दिवसांत ये. तोवर त्याच्या आठ लूमवर बदली म्हणून मी उभा राहणार होतो. सोळाव्या दिवशी दादा आला नाही तर ते लूम दुसऱ्याचे. दुसरा म्हणजे कोण, हे कोणी बोललं नव्हतं.

दवाखाना उधन्याच्या रस्त्यावर, खाली जरीच्या दोऱ्याचं दुकान आणि वर सात-आठ खाटा. डॉक्टर गुजराती, किडकिडीत, कमी बोलणारा. मला तो पहिल्यापासून आवडला नाही. कारणं विचारली असती तर मी भरपूर दिली असती. ऑपरेशनआधी त्याने दादाची एका गुजराती कागदावर सही घेतली. मला दुकानांच्या पाट्या वाचण्याइतकं गुजराती येत होतं, त्यात मी 'जोखम' एवढा शब्द वाचला आणि तिथेच अडकलो. कंपाउंडरने ड्रेसिंगसाठी कापूस काढला तो आधीच फोडलेल्या पुड्यातून. आणि प्लेगच्या भीतीने सुरत रिकामी झाली त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्या वेळी दवाखान्याला कुलूप घालून गेलेले डॉक्टर आमच्या गल्लीच्या डोक्यातून गेले नव्हते. हाही पळाला होता म्हणे. कोण म्हणे, ते कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ऑपरेशन झाल्यावर हात पुसत बाहेर येऊन तो एवढंच म्हणाला, "सोजो आवशे. तीन-चार दिवस. घबराना नहीं. और हाथ नहीं लगाना, समझा?"

सूज येईल, घाबरायचं नाही, हात लावायचा नाही. आज हे वाक्य मला सरळ वाटतं. तेव्हा त्यात मला चूक करायच्या आधीच सारवासारव करून ठेवणारा माणूस ऐकू आला. ऑपरेशन नीट केलं असेल तर सूज कशाला येईल? आणि येणार हे त्याला आधीच कसं माहीत?

आमच्याकडे सूज चढते आणि उतरते. बाहेरून कोणी घरात शिरावं तशी ती अंगात शिरते, आणि अडवली नाही तर पुढे सरकत जाते, असंच आम्ही लहानपणापासून धरून चाललेलो. तिला अडवायचा उपाय म्हणजे बिब्बा. माणसाचा गुडघा सुजो की बैलाचा खांदा, बिब्बा सुईच्या टोकावर खोचून दिव्यावर धरायचा, काळं तेल सुटलं की त्याच्या फुल्या सुजेभोवती घालायच्या. कुंपण घातल्यासारख्या. त्याच्या पलीकडे सूज जात नाही असा समज.

माझ्या पत्र्याच्या पेटीत तीन बिब्बे होते. प्रोसेस हाऊसच्या दिवसांतले. तेव्हा फुटलेल्या टाचांत मी हेच तेल भरायचो आणि भेगा मिटायच्या. टाचेची कातडी जोड्याच्या तळव्यासारखी असते आणि जांघेची कांद्याच्या पापुद्र्यासारखी, हा फरक माझ्या ध्यानात आला नाही. खरं सांगायचं तर, तो ध्यानात यावा असा मी विचारच केला नाही.

दुसऱ्या दिवशी खात्याला आठवड्याची सुट्टी होती. वहिनी रेशनच्या रांगेत गेली. मी स्टोव्ह पेटवला.

दादाने विचारलं, "डॉक्टर हात लावू नको म्हणाला होता ना?"

"त्याचं काय जातंय. तू चकरा मारत राहिलास तर त्याला बरंच."

"अरे, पण टाके ओले आहेत अजून."

"टाक्यांना लावतच नाही. भोवतीनं लावतो. गुडघ्याला लावलं होतं, तेव्हा दोन दिवसांत उतरली होती की नाही?"

"गुडघा होता तो."

"मग ही काय माणसाची जांघ नाही?"

दादा हसला आणि हसताना दुखलं म्हणून त्याने पोट धरलं. "कर बाबा. सोळाव्या दिवशी उभं राहता आलं म्हणजे झालं. पण लवकर कर, ती येईल."

मी नऊ फुल्या घातल्या. टाक्यांपासून बोटभर अंतर सोडून, खाली चार, वर पाच. तेल लागलं की तो दात आवळायचा, पण हलला नाही. शेवटच्या फुलीला सुईवरून एक थेंब जास्त ओघळला आणि टाक्यांच्या कडेपर्यंत गेला. मी तो चिंधीने टिपला. टिपायच्या ऐवजी तो पसरला. पट्टी चिकटवली, सुई पुसली, चिंधी स्टोव्हवर जाळली. वहिनी आली तेव्हा मी दारात बसून नखं कापत होतो.

"वास कसला येतोय?" तिने विचारलं.

"स्टोव्ह भडकला होता."

पिशव्या ठेवताना तिने एकदा स्टोव्हकडे, एकदा दादाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खात्यातून आलो तेव्हा दादा खाजेने तळमळत होता. त्याच्या पुढच्या दिवशी पट्टीतून पाणी गळायला लागलं. मी पाहिलं तेव्हा फुल्यांच्या जागी फोड आले होते, मोठे, एकमेकांत मिसळलेले. आणि जिथे तो थेंब ओघळला होता तिथे टाक्याच्या कडेची कातडी राखाडी-काळी पडली होती. दादाला ताप भरला.

त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर पुढचं बरंच वाचलं असतं. मी जे बोललो ते असं: "डॉक्टरने आत काहीतरी ठेवलंय."

गल्लीला तेवढं पुरलं. आमच्या तालुक्यातली चार माणसं तयार झाली. एक म्हणाला, त्याच्या ओळखीच्या एकाच्या पोटात कापसाचा बोळा निघाला होता. दुसरा म्हणाला, हे लोक आपल्यावर नव्या पोरांचा हात बसवतात. मी मान हलवत होतो. आपण स्वतः केलेल्या गोष्टीबद्दल दुसऱ्यावर संशय घेणं किती सोपं असतं, ते मी त्या दिवशी शिकलो. मी नाटक करत होतो असंही नाही. दादाला रिक्षात घालून दवाखान्यात पोहोचेपर्यंत माझा माझ्याच बोलण्यावर विश्वास बसला होता. बिब्ब्याने थोडे फोड आले असतील, पण मुळात बिघाड आतूनच आहे, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

जिन्यातच आरडाओरडा सुरू झाला. कंपाउंडर मध्ये आला, त्याला कोणीतरी ढकललं. डॉक्टर बाहेर आला आणि आवाज न चढवता म्हणाला, "पेशंटला आत घ्या. भाऊ आणि बायको आत. बाकीचे इथेच थांबा. पळून कुठे जात नाही मी."

शेवटचं वाक्य त्याने हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. लोक काय बोलतात ते त्याला माहीत होतं.

आत त्याने पट्टी काढली. वाकून पाहिलं. मग चष्मा कपाळावर सरकवून आणखी जवळून पाहिलं. फोडांच्या मधोमध प्रत्येक ठिकाणी एक काळा डाग होता, फुलीचा आकार अजून ओळखू येत होता.

"आ तो भिलामो छे," तो म्हणाला. गुजरातीत बिब्ब्याला भिलामो म्हणतात. "धोबी कपड्याला खूण करतात त्याने. किसने लगाया?"

खोलीत पंखा फिरत होता. वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही, दादाकडेही पाहिलं नाही, ती त्या डागांकडे पाहत राहिली. 

"मीच लावलं," दादा म्हणाला.

"खुद? झोपल्या झोपल्या?"

"हो."

"नऊ? ओळीत?"

"हात चांगला आहे साहेब माझा. लूमवर आहे."

डॉक्टरने हळूच माझ्याकडे पाहिलं. मग हातमोजे चढवले आणि दार उघडून बाहेरच्यांना सांगितलं, "भिलामो लावलाय. ज्याला बघायचं त्याने येऊन बघा." एकजण आत डोकावला. जिना रिकामा व्हायला दोन मिनिटं लागली नाहीत. उतरताना त्यांच्यातला एक म्हणाला ते मला ऐकू आलं, "एवढं डोकं नाही का त्याला? बायकोनंच लावलं असणार."

ते वहिनीलाही ऐकू आलं.

त्या दिवशी डॉक्टरने चार टाके काढले आणि मेलेली कातडी कात्रीने कापली. मला त्याने भांडं धरायला सांगितलं. शिक्षा म्हणून की माणूस कमी होता म्हणून, ते मला कळलं नाही. पुढे दोन महिन्यांहून जास्त दिवस मी दादाला ड्रेसिंगला नेत होतो, आधी रोज, मग दिवसाआड. त्या काळात डॉक्टर थोडं थोडं बोलू लागला. तो जे बोलला ते त्याच्या शब्दांत मला लिहिता येणार नाही. मला समजलं तसं लिहितो.

चाकू फिरला की कडेचं मांस थोडं मरतंच, त्याला इलाज नाही. शरीर लहान लहान पेशींचं बनलेलं आहे, त्यातल्या काही कापल्या जातात, काहींना रक्त पोहोचत नाही. मेलेलं उचलायला शरीर माणसं पाठवतं. त्यासाठी तिथे जास्त रक्त येतं, म्हणून लाल दिसतं, म्हणून गरम लागतं, म्हणून फुगतं. "प्लेगनंतर सुरतेत झाडूवाले रस्त्यावर उतरले तेव्हा केवढी धूळ उडाली होती, आठवतं?" त्याने विचारलं. "धूळ बघून कोणी झाडूवाल्याला काठी मारली का? तू मारलीस." तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. दादा शेजारी पडून छताकडे पाहत होता.

मेलेलं उचलून झालं की ती माणसं आपणहून परत जातात, सूज उतरते आणि नवं मांस भरायला लागतं. तीन-चार दिवसांचं काम. पण मधेच नव्याने जाळलं की मेलेल्याचा ढीग वाढतो. काही पेशी गुपचूप मरतात, शेजारणीला त्रास देत नाहीत. भाजलेल्या मात्र फुटतात, आतलं सगळं बाहेर सांडतं आणि त्याने शेजारच्याही पेटतात. मग सूज जायचं नाव घेत नाही. साफ करायला आलेलेच इतके होतात की चांगल्या मांसालाही इजा होते. आणि मेलेलं पडून राहिलं की तिथे जंतू घर करतात. म्हणून त्याने आधी कापून काढलं. कापल्याशिवाय भरणार नव्हतं.

"मग सूज वाईट नाही?" मी विचारलं.

"पहिल्या चार दिवसांची नाही. तुझी वाईट."

हा माणूस प्लेगच्या वेळी पळाला होता की नाही, हे मी त्यानंतरही विचारलं नाही. आता मला त्याची लाज वाटत होती, एवढाच फरक.

घरात मात्र संशय आता माझ्याकडे वळला होता आणि तो योग्य जागी होता. दवाखान्यातल्या त्या प्रकारानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खात्यातून आलो तेव्हा वहिनीने माझ्यासमोर वाटीत घासलेट आणून ठेवलं. लूमचं काळं तेल आम्ही घासलेटने काढायचो, ते रोजचंच होतं.

"भाऊजी, हात धुवा."

"धुतले मी खात्यात."

"परत धुवा."

मी धुतले. लूमचं तेल गेलं. अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटावर तीन तपकिरी-काळे डाग राहिले. नखाच्या कडेला एक फोड होता. मी घासत राहिलो, ती उभी राहून पाहत राहिली.

"निघत नाही ना?" ती म्हणाली.

"वहिनी—"

"गल्लीत सगळ्या बायका मला म्हणतात, नवऱ्याला बिब्बा लावला. मी काही बोलत नाही. तो म्हणतो त्याने लावला, मग त्याने लावला." वाटी उचलून ती वळली. "फक्त एक सांगा. खात्यात मास्तर काय म्हणतो?"

इथे मला ते लिहायला हवं जे मी वर लिहायचं टाळलं.

दादाला घरी आणलं त्याच सकाळी, सुट्टीच्या आदल्या दिवशी, खात्यातल्या मास्तरने, म्हणजे लूम दुरुस्त करणाऱ्या माणसाने, माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. उत्तरेकडचा, मोठ्याने बोलणारा माणूस. "तेरा हाथ बैठ गया है," तो म्हणाला. "तेरे भाई से अच्छा ताका निकल रहा है. उसको देर लगी तो तू ही पकड़ लेना, मैं शेठ को बोल दूँगा." लूमच्या गदारोळात मला ते स्पष्ट ऐकू आलं, आणि ते ऐकून मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. अर्धी पाळी सोडून मी दादाला आणायला गेलो, दुपारी पट्टी उचलून पाहिली, दुसऱ्या दिवशी पेटी उघडली आणि बिब्बे काढले.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे की नाही, हे मी तेव्हापासून शोधतो आहे. दादा लवकर उभा राहावा म्हणून मी ते केलं, हे मला आठवतं. ते खोटं नाही. सुई स्टोव्हवर धरताना मला भीती वाटत होती ती त्याच्यासाठी. पण मास्तरचे शब्द ऐकून जे बरं वाटलं होतं ते कुठे गेलं होतं त्या वेळी? ते मेलं होतं की गुपचूप होतं? हे मी डॉक्टरला कधी विचारलं नाही.

वहिनीला मी म्हणालो, "मास्तर काही म्हणत नाही."

"बरं," ती म्हणाली. त्यानंतर तिने मला दादाजवळ एकटं सोडलं नाही. पाण्याला जायचं असेल तर शेजारणीला बसवायची. रेशनला गेली नाही, शेजारणीकडून आणवलं. ड्रेसिंगला मी रिक्षा आणायचो, पण ती सोबत यायची आणि मध्ये बसायची. मला जेवायला वाढायची, गरम वाढायची. तिच्या डोळ्यांसमोर मी दादाच्या पांघरुणाची घडी घालायलाही धजायचो नाही.

सोळावा दिवस आला तेव्हा दादाला धड उभं राहता येत नव्हतं. शेठने मला बोलावून सांगितलं, हे आठ तुझे. मी नको म्हणालो नाही. घरात पगार येणं बंद झालं असतं, हे कारण खरं होतं. तरी घरी सांगताना मी चप्पल काढायला उगाच वेळ लावला.

"चांगलं झालं," दादा म्हणाला. "बाहेरच्याला गेले असते."

वहिनी भाकरी थापत होती. थापायचा आवाज एकदा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

जखम खालून वर भरत आली. रोज थोडं गुलाबी मांस वर चढलेलं दिसायचं. मला ते बघायची सवय लागली, डॉक्टरने पट्टी काढली की मी सगळ्यांच्या आधी वाकायचो. एक दिवस वहिनीला ताप होता म्हणून ती आली नाही. शेजारणीचा नवरा सोबत आला आणि वाटेत विडी घ्यायला उतरला. रिक्षा उधन्याच्या फाटकापाशी उभी होती. मालगाडी जात होती, डबे संपत नव्हते. दादा पुढे पाहत म्हणाला:

"एक विचारू का?"

"विचार."

"मी बरा व्हावा म्हणूनच लावलंस ना?"

"हो," मी म्हणालो. मालगाडीचा एक डबाही पुढे सरकला नसेल एवढ्यात म्हणालो.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "झालं मग," तो म्हणाला. "मीही 'कर' म्हणालोच होतो." शेजारणीचा नवरा विडी पेटवत परत आला आणि तो विषय तिथे संपला. दादासाठी संपला असावा. ते 'हो' मी नंतर हजार वेळा उच्चारून पाहिलं आहे, हळू, विचार करून, थांबून. तसं ते तेव्हा म्हटलं असतं तर कदाचित खरं तरी वाटलं असतं.

जखम भरल्यावरही त्याला बीम उचलायला डॉक्टरने मनाई केली. जिथे मांस मेलं होतं तिथे पोटाची भिंत कच्ची राहिली. तो सुरतेजवळच्या सचिन गावात एका कारखान्याच्या फाटकावर बसू लागला, येणाऱ्या-जाणाऱ्या टेम्पोंचे नंबर लिहायचा. ज्या माणसाला आठ लूमच्या आवाजातून एक तुटलेला धागा ऐकू यायचा, तो खुर्चीवर बसून हॉर्न ऐकायचा. कधी कधी मला विचारायचा, "तिसऱ्या नंबरचा अजून कुरकुर करतो का?" मी सांगायचो, करतो. कुरकुर कधीच थांबली होती.

तीन-साडेतीन वर्षांनी गाठ परत आली. डॉक्टरने आधीच बजावलं होतं की तसं होऊ शकतं. पुन्हा तोच दवाखाना, तोच जिना. यावेळी कागदावर साक्षीदाराची सही मी केली. 'जोखम'च्या पुढचंही वाचलं, दोनदा वाचलं. डॉक्टरने आम्हा दोघांना पाहिलं आणि त्याला काय आठवलं ते बोलून दाखवलं नाही. फक्त जाताना म्हणाला, "सोजो आवशे. याद है ना?"

"याद है."

तिसऱ्या दिवशी सूज आली. सकाळी कंपाउंडरने ड्रेसिंग केलं तेव्हा मी पाहिलं. लाल, ताणलेली, तापलेली, अगदी तशीच. आणि तिच्याभोवती जुन्या फुल्या. काही नव्या चिरेखाली गेल्या होत्या, राहिलेल्या मी मोजल्या नाहीत. सगळं समजूनही हात पुढे व्हायला लागला तेव्हा मी तो गुडघ्याखाली दाबला.

दुपारी दादाला झोप लागली. वहिनी स्टुलावर बसली होती, मी खाटेच्या पायथ्याशी. तांब्यातलं पाणी संपलं होतं. प्यायचं पाणी खालच्या दुकानात मिळायचं. मी उठलो तर ती म्हणाली, "तुम्ही बसा. मी जाते."

मी बसलो. ती तांब्या घेऊन दारापर्यंत गेली आणि परत आली.

"भाऊजी, हात दाखवा."

मी दोन्ही हात पुढे केले. तिने ते उलटे करायला लावले, मग सुलटे. बोटांकडे पाहिलं, नखांकडे पाहिलं. लूमचं तेल होतं, बाकी काही नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं की नाही हे मला आजही सांगता येत नाही.

"मला वेळ लागेल," ती म्हणाली. "दुकानात गर्दी असते."

ती गेली. जिन्यावर तिची पावलं खाली खाली जाताना ऐकू आली, कुठे थांबली नाहीत. मी दादाजवळ एकटा होतो. पट्टीखाली सूज आपलं काम करत होती. मी हात मांडीवर पालथे ठेवले आणि ती परत येईपर्यंत तसेच ठेवले.